कॉलेजला मारलेली लाथ

१२ जानेवारी

टाळ्या! अख्खा हॉल उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि मला कळेना, पदर सावरू की माइक धरू.

युवा दिनाचा कार्यक्रम होता, छावणीकडच्या एका कॉलेजात. विषय त्यांनीच दिलेला — डिग्रीविना यश. प्राचार्यांनी ओळख करून दिली : या पुंडलिकनगरच्या मंजुषाताई, बुटीकच्या मालकीण, शहरातल्या निम्म्या नवऱ्या यांच्याकडचं आरी वर्कचं ब्लाउज घालून बोहल्यावर चढतात. पोरं हसली. मला बरं वाटलं.

मग मी सुटलेच! म्हणले, बारावीनंतर बी.एस्सी.ला होते. वर्गात बसून बसून कंटाळा आला. एक दिवस ठरवलं — बास. कॉलेजला लाथ मारली आणि हातात सुई घेतली. डिग्री म्हणजे नुसता कागद आहे पोरांनो, भाकरी हातातून येते.

तिथंच टाळ्या पडल्या. मोनिका पहिल्या रांगेत, मोबाईल वर धरून सगळं शूट करत होती. माझ्या दुकानातली सगळ्यात हुशार पोरगी.

इंद्रजीत शेवटच्या रांगेत. (समोर ‘अहो’, वहीत इंद्रजीत. वहीला कुठं सासू आहे!) एम.कॉम. झालेला माणूस, पतसंस्थेत मॅनेजर. येताना गाडीत क्रांती चौकाच्या सिग्नलला फक्त एवढंच विचारलं — “लाथ मारली?”

म्हणले, स्टेजवर बोलायची एक पद्धत असते.

“हं.”

या माणसाच्या ‘हं’ला काय उत्तर द्यावं माणसानं!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ राहिला बाजूला, बायका व्हिडिओचंच बोलत होत्या. मोनिकानं टाकला आणि तो कुठं कुठं फिरतोय देव जाणे. जालन्याहून फोन, बीडहून फोन. मंजुषाताई, लई भारी बोलल्या!

सृष्टीपण नाचत आली, मम्मी तू व्हायरल झालीस म्हणून. तिला म्हणले, तो फोन ठेव आधी आणि फिजिक्स काढ. बारावीचं वर्ष आहे, सीईटी तोंडावर आली. इंजिनिअरिंगला चांगलं कॉलेज पाहिजे ना?

२१ जानेवारी

आजचा दिवस नुसता बेजार करणारा. एक नवरी सकाळपासून ब्लाउज घेऊन बसलेली. पाठीवर डोली काढायची, डोलीत नवरी, बाजूला भोई, आणि भोयांचे फेटेसुद्धा वेगवेगळ्या रंगाचे पाहिजेत. असलं बारीक काम माझ्याकडं एकट्या मोनिकाच्या हातात आहे. आणि मोनिका कुठं? कॉलेजात!

दुपारी आली पळत पळत, पाठीला दप्तर. बी.कॉम. दुसरं वर्ष. अड्ड्यावर बसली, चौकटीत ताणलेल्या कापडावर सुई चालायला लागली, की मग मात्र बघत राहावं. वरून दोरा दिसतो, सुई दिसतच नाय. असा हात मी दुसऱ्या कुणाचा बघितला नाय. माझासुद्धा नाय. (हे फक्त इथं.)

गंगापूरकडच्या एका खेड्यातली. वडील पुंजाराम, आधी मेंढरं राखायचे, आता वाळूजला एका गोडाऊनमध्ये माल चढवायला जातात. पोरगी इथं मावशीकडं राहते. सकाळी कॉलेज, दुपारून माझं दुकान.

काय करणारे बी.कॉम. करून? तेच वाळूजला कुणाच्या तरी ऑफिसात बिलं लावणार. सोन्याचा हात आणि बिलं!

२७ जानेवारी

विचारलंच आज. म्हणले, पूर्ण वेळ ये. अड्ड्यावरच्या सगळ्या पोरी तुझ्या हाताखाली. नवीन क्लासची बॅच तू घे. पगारही तसा देईन.

मणी निवडायला लागली. मग — “कॉलेजचं काय, ताई?”

परीक्षेपुरती जा म्हणले. तर म्हणते हजेरी लागते, नायतर फॉर्म भरू देत नायत. म्हणले, मग सोड की. मी नाय सोडलं?

हसली. म्हणाली, तुमचं येगळं हाय ताई. काय वेगळं ते सांगेना. मला रागच आला थोडा. एवढी संधी कुणी कुणाला देत नाय.

२ फेब्रुवारी

मोनिका हो म्हणाली!! पोरींना कचोरी मागवली.

१५ फेब्रुवारी

सोन्यासारखे दिवस चालले आहेत. सकाळी दुकान उघडायच्या आधी मोनिका दारात हजर. ऑर्डरी वेळेवर. मी निवांत गिऱ्हाइकांशी बोलते, चहा पिते. किती वर्षांनी दुपारचं जेवण दुपारी जेवले.

विचारलं तिला, घरी सांगितलंस का? म्हणाली, सांगते. आईचं मन बघून सांगते.

मी पुढं काही विचारलं नाय. विचारायला पाहिजे होतं का? मोठी पोरगी आहे. तिचं तिला कळतं.

४ मार्च

मोनिकाच्या मैत्रिणीचा फोन सारखा वाजत होता. परीक्षेचा फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस. हजेरी कमी असली तरी सर सांभाळून घेतील, ये म्हणे लवकर. मोनिकानं फोन कानाला लावला आणि माझ्याकडं बघितलं.

नवरीची आई डोक्यावर उभी. हळद उद्यावर. बाहीवर नवरदेवाचं नाव काढायचं राहिलेलं.

मी म्हणले, पुढच्या वर्षी भरता येतो गं.

तिनं फोन ठेवला. नाव काढलं. लई सुरेख काढलं.

२३ मार्च

भांडण! सृष्टीच्या सीईटीच्या हॉल तिकिटावर फोटो नीट नाय आला म्हणून मी चार ठिकाणी फोन केले, कॅफेवाल्याला झापलं. इंद्रजीत पेपर वाचत होता. पेपराच्या मागून आवाज — “लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.”

म्हणले, म्हणजे काय म्हणायचंय?

म्हणाला, काय नाय. डिग्री म्हणजे नुसता कागद ना? मग फोटो कसाही येऊ दे.

मी म्हणले सृष्टीची गोष्ट वेगळी. कशी वेगळी ते विचारलं नाय त्यानं. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं, हेपण त्याला माहीत! वरणात मीठ घातलं नाय आज. मुकाट्यानं जेवला. त्याचाही राग आला.

१० एप्रिल

मोनिका आली नाय. फोन बंद. दोन नवऱ्या परत पाठवल्या. हे असलं बेजबाबदार वागणं मला चालत नाय, येऊ दे उद्या.

१३ एप्रिल

आली. डोळे सुजलेले. झापायचं राहून गेलं.

आतल्या खोलीत नेलं, पाणी दिलं. मग सांगितलं तिनं. वडील मावशीकडं आले होते. परीक्षा चालू असंल, पोरीला डबा द्यावा म्हणून आईनं धपाटे पाठवले होते. मावशी बोलून गेली, कसली परीक्षा, ती तर दुकानात असते दिवसभर. वडील ओरडले नायत, मारलं नाय. दुकानात कामाला जाती ते चांगलंच म्हणाले. फक्त एवढंच म्हणाले — “शिक्षण बंदच हाय तर मंग पावण्यांना कशापायी थांबवायचं?”

बारावीपासून स्थळं येतायत म्हणे. दर वेळी आई उंबऱ्यावरच सांगायची, पोरगी शिकतीय, अजून दोन वर्षं नाव काढू नका. आणि पाहुणे परत जायचे. शिकत्या पोरीला कुणी जबरदस्ती करत नाय, एवढी रीत आहे अजून त्यांच्यात. नाव कॉलेजात होतं तोवर आईच्या तोंडात उत्तर होतं.

मी म्हणले, अगं मग मला सांगायचं ना आधी!

ती म्हणाली, “मला वाटलं तुमाला ठाव आसंल. तुमचं बी तसंच झालं आसंल ना, ताई.”

पुढं लिहवत नाय.

१४ एप्रिल

सुट्टी. जयंतीच्या मिरवणुका, ढोल पार आतल्या खोलीपर्यंत ऐकू येतोय. सृष्टी मैत्रिणींबरोबर बघायला गेली. घरात मी एकटी. लिहून टाकते. कुठंतरी लिहायलाच पाहिजे.

मी कॉलेजला लाथ नाय मारली. कधीच नाय.

मला केमिस्ट्री आवडायची. आईनं शिवलेला पांढरा कोट घालून लॅबमध्ये उभी राहायचे. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा, सोडायचा, आणि एका थेंबाला खालचं पाणी गुलाबी होतं. तो थेंब मला बरोबर कळायचा. सर म्हणायचे, मंजुषा, तू एम.एस्सी. कर.

मग कावीळ झाली. अंथरुणाला खिळले, प्रॅक्टिकल बुडाली, वर्ष गेलं. वाटलं होतं जूनला परत नाव घालू. आप्पा म्हणाले — वाईट हेतूनं नाय म्हणाले, माझे वडील गाईसारखे गरीब — वर्ष वायाच चाललंय तर घरी बसून काय करणार, चांगलं स्थळ आलंय. बस्स. एवढंच झालं. कुणी मारलं नाय, कोंडलं नाय. ज्या वर्षी माझं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं, त्या वर्षी माझं लग्न झालं.

बघायला आले तेव्हा इंद्रजीतकडचे म्हणाले होते, पुढं शिकवू. कुणी शिकवलं नाय. मीपण आठवण केली नाय. सासूबाईंचं शिवणयंत्र होतं घरात, त्यावर बसले. हौस म्हणून नाय — राग म्हणून! दिवसभर काहीतरी खटखट वाजवायला पाहिजे होतं मला.

मग धंदा वाढला, नाव झालं. लोक विचारायचे, शिक्षण किती? खरं सांगितलं की चेहरे पडायचे, अरेरे म्हणायचे. ते अरेरे मला सहन व्हायचं नाय. जिची कीव येते त्या बाईकडून कोण शालूवरचं ब्लाउज शिवून घेईल? एकदा सहज म्हणून गेले, मीच सोडलं कॉलेज. समोरची बाई एकदम वर बघायला लागली माझ्याकडं! मग तेच सांगत गेले. सांगून सांगून मलाच खरं वाटायला लागलं.

आणि ही पोर. तिच्याभोवतीचं एवढंसं कुंपण मी माझ्या हातानं काढून घेतलं. जगात दुसऱ्या कुणाला कळलं नसतं तरी मला कळायला पाहिजे होतं. मलाच!

ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाल्ला मी. दुसरं काय.

२० एप्रिल

मोनिकाच्या गावी जाऊन आले. इंद्रजीतनं सुट्टी घेतली, गाडी चालवली, का म्हणून विचारलं नाय. मोनिका सोबत होती, सगळ्या रस्त्यानं खिडकीबाहेर बघत.

मनाशी सगळं जुळवून गेले होते. पोरीचं नाव परत घालू, मी स्वतः कॉलेजला जाते, सरांना भेटते. दुकानात फक्त रविवारी येऊ दे. पदवी होऊ द्या, मग बघा स्थळ.

किती मान दिला त्यांनी! बाजेवर नवी सतरंजी. मोनिकाची आई आशाबाई चुलीपुढून उठून पाया पडायला आली, मी मागं सरले. धाकटी पोरगी संस्कृती पाणी घेऊन आली. दहावीची परीक्षा दिलेली. पाणी द्यायचं राहिलं बाजूला, माझ्या पदरावरचं काम बोटानं चाचपत उभी राहिली. आशाबाईनं दटावलं तिला.

पुंजारामभाऊंनी माझं सगळं ऐकून घेतलं.  मग मोबाईल काढला, चष्मा लावला, आणि माझ्यासमोर धरला. मीच! मी त्या स्टेजवर. लाथ मारली आणि हातात सुई घेतली.

“म्या कैक बारी बघितलं ह्ये, मॅडम,” ते म्हणाले. “गोडाऊनातल्या समद्यायला दावलं. आदी मला वाटायचं, पोरीचं शिक्षण मोडलं तर आपल्याला पाप लागंल. तुमचं आईकलं आन् जिवाला बरं वाटलं.”

टोमणा नव्हता. तेच तर! टोमणा असता तर मी भांडले असते. मनापासून म्हणत होते. पोरीच्या हातात हुनर आहे, स्थळ आलंय, मुलगा चांगला आहे, मग कागदासाठी कशाला थांबायचं, तुम्हीच सांगा.

दारात सगळी आळी गोळा झालेली. बायका, पोरी, माझ्याकडं बघत. व्हिडिओवाल्या मॅडम आल्यात म्हणून. जिभेवर आलं होतं. एवढंच म्हणायचं होतं, की भाऊ, तसं झालं नव्हतं.

मी चहा प्यायले. म्हणले, बघा भाऊ, विचार करा.

मोनिका दाराला टेकून उभी होती. ती आत गेली.

परत येताना इंद्रजीत म्हणाला, सांगायचं होतंस. म्हणले, काय? म्हणाला, खरं.

‘हं’ बरं होतं त्यापेक्षा.

२ मे

ठरलं. मुलगा वाळूजला कंपनीत परमनंट आहे. दारू नाय, तंबाखू नाय, बोलायला गरीब. खोट काढायला जागा नाय आणि मी मात्र खोट शोधत होते. एकच गोष्ट — त्याच्या आईला सुनेनं बाहेर कामाला गेलेलं चालणार नाय. शिवायचं तर घरी बसून शिवावं.

म्हणजे कॉलेजपण गेलं आणि दुकानपण.

खरं सांगू? ऐकलं तेव्हा पहिल्यांदा डोक्यात काय आलं — आता डोलीचं काम कोण करणार! पहिलं तेच आलं. अशी बाई आहे मी.

मोनिका दोन पोरींना तयार करतीय तिच्या जागी. चिडत नाय, रडत नाय. चुकलं की उसवून परत दाखवते. मधेच मला विचारलं, सृष्टीचं कुठलं कॉलेज ठरलं, ताई? साधंच विचारलं.  अजून निकाल लागायचाय म्हणले आणि बाहेर जाऊन गिऱ्हाईक नसताना काउंटर पुसत बसले.

६ मे

सृष्टीचा बारावीचा निकाल लागला, उत्तम मार्क. पेढे आणले. मोनिकाला पेढा दिला. तिनं सृष्टीला मिठी मारली. दोघींच्यात कितीसं अंतर आहे वयाचं! मला आजपर्यंत कधी दिसलंच नव्हतं.

११ मे

मोनिकाचं ब्लाउज मी स्वतः घेतलं. किती वर्षांनी अड्ड्यावर बसले. बोटं ऐकत नायत, मान भरून येते, पोरी तोंडाला हात लावून हसतात.

विचारलं तिला, पाठीवर काय काढू? डोली काढू? मोर? म्हणशील ते.

“काय बी नको, ताई. साधं ठेवा.”

एवढ्या नवऱ्यांच्या पाठी नटवल्या या पोरीनं. माझं ऐकून घ्यावं म्हणून मी हट्ट केला, तर म्हणाली, नको हो, सासूबाईंना भपका आवडत नाय. आत्तापासूनच सासूबाई! काठाला नुसती मोत्यांची ओळ लावली. ती लावताना मी रडले. पोरींना वाटलं सुई लागली.

१३ मे

दहावीचा निकाल. मोनिकाची धाकटी पहिल्या श्रेणीत पास. मोनिकानं दुकानात साखर वाटली. लग्नाची खरेदी राहिली बाजूला, तोंड फुललं होतं तिचं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच असं मोकळं हसताना बघितलं तिला.

२१ मे

लग्न लागलं. भर उन्हाचं. गावच्या शाळेपुढच्या मैदानात मांडव.

अक्षता पडायच्या आधी माइकवर सत्कार सुरू झाले. सरपंच, चेअरमन, मुलाचे मामा. मग नाव आलं माझं! मोनिकाच्या मॅडम, ज्यांनी डिग्रीशिवाय एवढं मोठं नाव केलं. शाल, नारळ. पुंजारामभाऊंनी स्वतः हात जोडून स्टेजवर नेलं. नवा फेटा, डोळ्यांत पाणी. माइकवाला म्हणतो, मॅडम, दोन शब्द मुलींसाठी.

समोर पोरीच पोरी बसलेल्या. मांडवात नटून. सगळ्यात पुढं संस्कृती. आणि बाजूला बोहल्यावर मोनिका, मुंडावळ्यांतून माझ्याकडं बघत. ती वाट बघत होती का? मला तसं वाटलं. का माझ्याच मनातलं होतं?

मी म्हणले — सुखी राहा.

टाळ्या पडल्या. इथंपण! शाल अजून पिशवीतच आहे, काढली नाय.

३० मे

फोन केला मोनिकाला. उचलला एकदाचा. मागं मिक्सर चालू. बरं हाय ताई म्हणाली. तुमचं? सृष्टीचं? सगळ्यांचं विचारलं. शिवतेस का काही, म्हणले. म्हणाली, अजून मशीन मांडायला जागा नाय ठरली. मग कुणीतरी हाक मारली, ठेवते म्हणाली.

नव्या पोरींनी डोली काढली आज. नवरीला आवडली. मला नाय आवडली.

५ जून

एका महिला मंडळाचा फोन. तुमचा तो व्हिडिओ बघितला, आमच्याकडं बोलायला या. म्हणले, बरं नाय मला. बाई म्हणाली, मग पुढच्या महिन्यात? म्हणले, तेव्हाही नाय.

इंद्रजीतनं ऐकलं.  संध्याकाळी स्वतः चहा करून आणला. साखर विसरला, पण आणला.

११ जून

पुंजारामभाऊ आले होते, सोबत संस्कृती. नवा ड्रेस, तेल लावून घट्ट वेणी. दुकान गच्च भरलेलं. म्हणाले, मोठीचं तुमच्या आशीर्वादानं चांगलं झालं, आता हिला बी हाताखाली घ्या. अकरावीला नाय घालत. पोरगी खाली बघून हसत होती. तिची खरंच इच्छा आहे हे काम शिकायची, डोळे सारखे अड्ड्याकडं.

म्हणले, भाऊ, हिचं अकरावीला नाव घाला. मग रविवारी पाठवा, मी शिकवते.

“तुमीच तर म्हणता ना मॅडम, कागद —”

मी खोटं बोलले, भाऊ. मी कॉलेज सोडलं नव्हतं. मला शिकायचं होतं. आजारात वर्ष गेलं, परत नाव घातलं नाय आणि लग्न लावून दिलं.

सगळ्या दुकानासमोर बोलले. गिऱ्हाइकं, पोरी, सगळ्यांसमोर. अड्ड्यावरच्या सुया थांबल्या.

पुंजारामभाऊ चिडले नायत. पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं —

“मंग मोनिकाच्या टायमाला का नाय सांगितलं, मॅडम?”